जपानचा रेल्वे पास : घ्यावा की न घ्यावा?

परदेशी सहलीचा विचार घरात निघाला, की आप्तेष्टांकडून सल्ल्यांचा वर्षाव सुरू होतो. जपानला जाणाऱ्यांना त्यांत हमखास मिळणारा सल्ला एकच असतो : ‘रेल्वेचा पास आधी काढून ठेवा, बाकीचे मागाहून पाहा.’ हा सल्ला देणारी मंडळी बहुधा २०१९ च्या सुमारास किंवा त्याआधी जाऊन आलेली असतात, आणि त्यांच्या काळापुरते ते अगदी खरे बोलत असतात. आज मात्र तो सल्ला जसाच्या तसा स्वीकारण्याजोगा राहिलेला नाही. सहकुटुंब जाणाऱ्यांच्या बाबतीत तर या एका निर्णयावर लाख-दीड लाख रुपयांची उलाढाल अवलंबून असते. आणि पैशांहून मोठी गोष्ट म्हणजे, प्रवासाचे दिवस कोणाच्या मर्जीने जायचे, आपल्या की पासाच्या, हेही त्यावरच ठरते.

परदेशी पाहुण्यांसाठी हा पास १९८१ मध्ये सुरू झाला. त्या वेळी जपानची राष्ट्रीय रेल्वे एकसंध होती. १९८७ मध्ये तिचे खासगीकरण होऊन सहा प्रवासी कंपन्या झाल्या, जे.आर. या नावाने त्या ओळखल्या जातात. या सहाही कंपन्यांच्या गाड्यांवर चालणारा पास म्हणून त्याचे महत्त्व. तो ७, १४ किंवा २१ दिवसांचा मिळतो आणि हे दिवस सलग मोजले जातात. साध्या वर्गाच्या सात दिवसांच्या पासाला पूर्वी २९,६५० येन पडत. १ ऑक्टोबर २०२३ पासून तोच पास ५०,००० येनांना मिळू लागला. चौदा दिवसांचा ८०,००० आणि एकवीस दिवसांचा १,००,००० येनांना. वाढ सुमारे दोन-तृतीयांशांची झाली. सुट्या तिकिटांचे दर मात्र त्या प्रमाणात मुळीच वाढले नाहीत. घाऊक भाव अचानक चढला आणि किरकोळ भाव जागच्या जागी राहिला, तर कोणताही व्यापारी खरेदीचा फेरविचार करील.

येनाचा भाव वरखाली होत असतो. हिशेबापुरता एक येन म्हणजे साठ पैसे धरला, तर सात दिवसांचा पास माणशी तीस हजार रुपयांना पडतो. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धे शुल्क लागते. आमच्याकडून निघणार होते सात जण : शहात्तर वर्षांची आई, आम्ही उभयता, चिरंजीव व सूनबाई, आणि दहा व सात वर्षांची दोन नातवंडे. म्हणजे पाच पूर्ण आणि दोन अर्धे, मिळून सहा पासांचे पैसे : तीन लाख येन, अर्थात एक लाख ऐंशी हजार रुपये. वहीपूजन आणि भाऊबीज आटोपून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात निघायचे ठरले होते.

चिरंजीवांनी संगणकावर मोठ्या हौसेने एक तक्ता तयार केला. टोकियो ते क्योटो सुमारे १४,००० येन. क्योटोहून हिरोशिमाला एका दिवसात जाऊन येणे, दोन्ही वेळचे मिळून २३,००० येन. क्योटोहून कानाझावाला जाऊन येणे १५,००० येन. बेरीज बावन्न हजार. पास पन्नासांचा, म्हणजे दोन हजारांचा फायदा! आकडे बरोबर होते. प्रश्न एवढाच होता, की कानाझावाचे नाव आमच्यापैकी कोणीच काढले नव्हते. बागेसाठी आणि सोन्याच्या वर्खाच्या कारागिरीसाठी ते शहर प्रसिद्ध आहे, हे खरे; परंतु तक्त्यात ते आले होते केवळ पास वसूल व्हावा म्हणून. दुकानात माल पडून राहू नये म्हणून गिऱ्हाईक शोधावे, तसे येथे पास पडून राहू नये म्हणून गावे शोधली जात होती. पासाच्या बाबतीत बहुतेक कुटुंबांत हेच घडते, असे चौकशीअंती दिसून आले.

तो तक्ता शांतपणे पाहून सूनबाईंनी त्यात आणखी एक रकाना वाढविला : सूर्यास्ताची वेळ.

आईचा चौविहार असतो. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. भारतात सूर्यास्त सहा-साडेसहाला धरून चालण्याची आपल्याला सवय. जपानची प्रमाणवेळ कोबेशेजारच्या आकाशी गावावरून जाणाऱ्या १३५ अंश पूर्व रेखावृत्तावर ठरलेली आहे. टोकियो त्याच्या बरेच पूर्वेस असल्यामुळे तेथे सूर्य आणखी लवकर मावळतो. नोव्हेंबरच्या आरंभी टोकियोत पावणेपाचच्या सुमारास, क्योटोत पाचच्या सुमारास आणि हिरोशिमात त्यानंतर दहा-बारा मिनिटांनी सूर्यास्त होतो. आमच्या निवासाच्या ठिकाणी छोट्या स्वयंपाकघराची सोय होती. तेव्हा गरम वरणभात व्हायचा, तर साडेतीनच्या आत परतणे भाग होते. क्योटोहून सकाळी साडेसातला निघून हिरोशिमा गाठायचे, तेथून अर्धा तास लोकल गाडी आणि दहा मिनिटे नाव करून मियाजिमा बेटावर उतरायचे, आणि साडेतीनला पुन्हा क्योटोत चूल पेटवायची, हे शक्यच नव्हते. गाडीत डबा उघडता येतो. शिंकान्सेनमध्ये, म्हणजे तेथील अतिजलद गाडीत, आसनावर बसून स्वतःचा डबा खाणे शिष्टसंमत आहे. शहरातल्या लोकल गाड्यांत मात्र कोणी खात नाही. पण शहात्तर वर्षांच्या बाईने रोज तिसऱ्या प्रहरी धावत्या गाडीत खाकरा खाऊन दिवस संपवावा, अशी योजना कोणत्या मुलाला पटेल?

आई एवढेच म्हणाली, “मला गावे मोजायची नाहीत रे. कोबेला दर्शन घडवा, म्हणजे झाले.”

तेव्हा तक्ता बाजूला ठेवून पहिल्यापासून विचार केला. आधी गावे आणि मुक्काम ठरवायचे, मग तिकिटांची बेरीज करायची, आणि शेवटी ती बेरीज पासाशी ताडून पाहायची, असा क्रम ठरला. टोकियोत तीन दिवस, क्योटोत तीन रात्री, हिरोशिमात दोन, कोबेत दोन. आणि परतीचे विमान टोकियोहून न धरता ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावरून. हा शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे. बँकॉक, सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे जाणाऱ्यांना एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतणे सहज जमते. तसे केले, की ओसाका ते टोकियो हा जवळजवळ साडेचौदा हजार येनांचा उलटा प्रवास आणि त्यातला अर्धा दिवस वाचतो. पासाची जाहिरात वाचताना जो परतीचा प्रवास गृहीत धरलेला असतो, तोच मुळी गळून पडतो.

आता या बेतात सात दिवसांचा पास बसतो का? टोकियो सोडल्यापासून कान्साई विमानतळावर पोचेपर्यंत दिवस होतात आठ. पास सलग सात दिवसांचा, आणि त्याचा दिवस मध्यरात्री संपतो; सायंकाळी चारला सुरू केला तरी तो एक पूर्ण दिवस मोजला जातो. म्हणजे एक तर मुक्काम कापायचा, नाही तर चौदा दिवसांचे ऐंशी हजार मोजायचे. क्योटोतले तिन्ही दिवस तर पास खिशात नुसता पडून राहणार. कारण क्योटोची मंदिरे शहरबसने पाहायची असतात आणि ती बस या पासावर चालत नाही. टोकियोची मेट्रो चालत नाही. ओसाका, कोबे, नारा या परिसरात हानक्यू, हानशिन, किंतेत्सु अशा खासगी रेल्वेंचे दाट जाळे आहे. त्याही चालत नाहीत. आणखी एक बारकावा पुष्कळांना तेथे गेल्यावरच समजतो. टोकियो–ओसाका मार्गावर सर्वांत जलद आणि सर्वांत अधिक धावणारी गाडी म्हणजे नोझोमी. पूर्वी ती पासधारकांना बंदच होती. आता बसता येते, परंतु टोकियो ते क्योटोसाठी वेगळे ४,९६० येन भरून. ते भरायचे नसतील तर हिकारी गाडी घ्यावी. ती सुमारे पंचवीस मिनिटे अधिक घेते आणि तासाला दोनच असतात. हिरोशिमाला जायचे तर वाटेत शिन-ओसाका किंवा शिन-कोबे येथे गाडी बदलावी लागते. तरुणांना याचे काही वाटणार नाही. सामानसुमान, दोन मुले आणि आईचा हात धरून फलाट बदलणाऱ्याला वाटते.

उत्तर सापडले ते एका लहान पासात. पश्चिम जपानची जे.आर. वेस्ट ही कंपनी ‘कान्साई–हिरोशिमा एरिया पास’ या नावाचा पाच दिवसांचा पास देते. २०२३ च्या दरवाढीनंतर तो १७,००० येनांना मिळू लागला. त्यावर शिन-ओसाका ते हिरोशिमा ही शिंकान्सेन चालते आणि येथे नोझोमीलाही वेगळे पैसे नाहीत. क्योटो, ओसाका, नारा, कोबे यांमधल्या जे.आर.च्या गाड्या, मियाजिमाला नेणारी जे.आर.ची नाव आणि कान्साई विमानतळाची हारुका गाडी, ही सर्व त्यात समाविष्ट आहेत. ओसाका–हिरोशिमा जाण्यायेण्याचेच सुट्या तिकिटांनी एकवीस हजार होतात. म्हणजे एका फेरीत पास फिटतो आणि वर चार हजार उरतात. मात्र क्योटो ते शिन-ओसाका हा शिंकान्सेनचा तुकडा दुसऱ्या कंपनीचा असल्यामुळे तेथे हा पास चालत नाही. क्योटोहून ओसाकापर्यंत साध्या जलद लोकलने यायचे, अर्ध्या तासाचा प्रश्न असतो, आणि मग शिंकान्सेन धरायची.

हिशेब असा झाला. टोकियो–क्योटोचे सुटे तिकीट १४,०००, क्योटोहून नाऱ्याला जाऊन येण्याचे सुमारे १,५००, आणि हा पास १७,०००. माणशी साडेबत्तीस हजार येन. मोठा पास घेतला असता तर पन्नास. फरक साडेसतरा हजारांचा. सहाने गुणले असता एक लाख पाच हजार येन, म्हणजे त्रेसष्ट हजार रुपये. जुन्या २९,६५० च्या भावात मात्र मोठा पासच थोडा सरस ठरला असता. तेव्हा वडीलधाऱ्यांचा सल्ला ऐकताना, तो कोणत्या भावातला आहे, एवढे विचारून घ्यावे.

हिरोशिमात दोन रात्री काढल्यामुळे शांतता-स्मारकाला एक अख्खा दिवस देता आला. त्या संग्रहालयातून बाहेर पडल्यावर लगेच कोणती गाडी पकडायची आहे, हे आठवावे लागले नाही, याचे समाधान वाटले. नातवंडे बराच वेळ नदीकाठी गप्प बसून होती. दुसऱ्या दिवशी मियाजिमा. भरतीच्या वेळी तेथले लाल तोरण समुद्रात उभे असते आणि ओहोटीला त्याच्या पायथ्याशी चालत जाता येते. एकाच दिवशी दोन्ही रूपे पाहायची तर बेटावर सहा तास हवेत. नावेत पास चालतो, परंतु बेटावर येणाऱ्या प्रत्येकाकडून घेतला जाणारा शंभर येनांचा कर वेगळा भरावा लागतो.

तिथून सव्वा तासात शिन-कोबे. हे स्थानक रोक्को पर्वतरांगेच्या अगदी पायथ्याशी आहे. फलाटाच्या मागेच डोंगर सुरू होतो आणि दहा-पंधरा मिनिटे चढून गेले की नुनोबिकीचा धबधबा लागतो. उलट दिशेला उतरले की किटानो भाग. कोबे बंदर १८६८ मध्ये परकीय व्यापाराला खुले झाले. तेव्हापासून येथे युरोपीय व्यापाऱ्यांनी बांधलेली घरे आजही जपून ठेवलेली आहेत. १९२३ च्या महाभूकंपाने योकोहामा उद्ध्वस्त झाले, तेव्हा तेथील पुष्कळ भारतीय व्यापाऱ्यांनी आपल्या पेढ्या कोबेला हलविल्या. कापड होतेच, पुढे मोत्यांचा व्यवहार वाढला. संवर्धित मोत्यांची कला मिकिमोतो कोकिची यांनी १८९३ मध्ये जपानच्याच किनाऱ्यावर साधली, आणि ते मोती निवडण्याचे, सांधण्याचे व जगभर पाठविण्याचे मोठे केंद्र कोबे झाले. या व्यवहारात आपल्या समाजातील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांनीच किटानोत भगवान महावीरस्वामींचे मंदिर उभारले. ते १९८५ चे. चढाच्या एका शांत गल्लीत, जपानी घरांच्या मधोमध, पांढऱ्या संगमरवराचे शिखर एकदम दिसते.

आई पायऱ्यांपाशी थांबली, तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि दिवसभर आम्हाला कुठेच जायचे नव्हते. तिने पूजा केली, मग बराच वेळ मंडपात नुसती बसून राहिली. चिरंजीवांनी एकदाही घड्याळ पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जायचे म्हणाली. आणि आम्ही पुन्हा गेलो. शिन-कोबेहून शहराच्या मध्यापर्यंत जाणारी भुयारी गाडी महापालिकेची असल्याने कोणताही जे.आर. पास तेथे चालत नाही. पण किटानोला जायला ती लागतच नाही; पंधरा मिनिटांची पायवाट आहे.

आहाराबद्दल थोडे लिहिणे अगत्याचे आहे. जपानी रश्शांचा पाया ‘दाशी’ या अर्काचा असतो आणि तो बहुधा वाळविलेल्या माशाचा काढतात. त्यामुळे वरकरणी भाजीचा दिसणारा पदार्थही निर्धोक नसतो. बौद्ध मंदिरांतील ‘शोजिन र्योरी’ या भोजनात मांस-मासे नसतात, कांदा-लसूणही नसतो, म्हणून आपली मंडळी हरखून जातात. त्यात कंदमुळे मात्र मुबलक असतात : मुळा, गाजर, कमळकंद. टोकियोत ओकाचिमाची ही जवाहिरांची पेठ आहे. तेथे भारतीय व्यापाऱ्यांची वस्ती असल्याने शाकाहारी आणि सांगितल्यास जैन पद्धतीचे जेवण मिळते. टोकियोतला मुक्काम त्या बाजूला घेतला तर निम्मी चिंता मिटते. टोकियो–ओसाका मार्गावरील साध्या डब्यांत खाद्यपदार्थांची फिरती गाडी ऑक्टोबर २०२३ अखेर बंद झाली आहे, तेव्हा पाण्यासह सर्व जवळ बाळगावे.

मोठा पास कोणीच घेऊ नये, असे मात्र नाही. आठवड्याभरात टोकियो, ओसाका आणि दक्षिणेकडचे फुकुओका करणाऱ्या व्यापाऱ्याचे टोकियो–हाकाता जाण्यायेण्याचेच सत्तेचाळीस हजारांच्या घरात जातात. त्याने आणखी एखादी फेरी केली, की पास फायद्यात येतो. एकटा किंवा दुकटा तरुण, हलके सामान, रात्री दहालाही गाडी धरण्याची तयारी, त्याला हा पास शोभतो. इतर देशांतले गणितही वेगळे असते. स्वित्झर्लंडच्या पासात आगगाडीबरोबर सरोवरांतील नावा, शहरांतील ट्रॅम व बस आणि पाचशेहून अधिक संग्रहालये येतात, शिवाय आईवडिलांपैकी एकासोबत सोळा वर्षांखालील मुले विनामूल्य प्रवास करतात. तेथे कुटुंबाने पासाचा विचार अवश्य करावा. युंगफ्राऊच्या वरच्या टप्प्यावर तो केवळ पंचवीस टक्के सूट देतो, हेही त्याच वेळी वाचून घ्यावे. युरेलचा पास बहुतेक सर्व युरोपभर चालतो, तथापि फ्रान्सच्या वेगवान गाड्यांत आसनाचे आरक्षण वेगळे पैसे भरून करावे लागते.

जपानचे दर अधूनमधून बदलतात. निघण्यापूर्वी चालू भाव पाहून वरील बेरीज पुन्हा मांडावी. सामानाविषयीही एक नियम आहे. ज्या बॅगेची लांबी, रुंदी व उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा अधिक भरते, तिच्यासाठी शिंकान्सेनमध्ये डब्याच्या शेवटच्या रांगेची विशिष्ट आसने आधी राखून घ्यावी लागतात; त्याला वेगळे पैसे नाहीत. त्याहून सोपे म्हणजे मोठ्या बॅगा ‘ताक्क्युबिन’ या सेवेने पुढच्या मुक्कामी पाठवून द्याव्यात; बहुधा दुसऱ्या दिवशी त्या पोचलेल्या असतात. आणि टोकियोहून क्योटोचे तिकीट काढताना खिडकीवर ‘ई’ अक्षराचे आसन मागावे. ते उजव्या हाताला येते. गाडी सुटल्यावर पाऊण तासाच्या आसपास, आकाश स्वच्छ असेल तर, त्या बाजूला फुजी पर्वत दिसतो.